सौर पंप मागण्यापूर्वी

बारामती व इंदापूर तालुक्यांतील ज्या बागायतदारांस रात्रीच्या विजेवर पाणी देण्यासाठी अंधारात बांध तुडवावे लागतात, त्यांस सौर पंप हा मोठाच दिलासा होय. २०२४ सालच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा दहावा हिस्सा भरावयाचा असून, अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ व त्यापुढे ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. परंतु सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, तिच्या झऱ्याची नसते, हे आम्ही कारकुनीत पुष्कळ पाहिले आहे. यास्तव अर्जापूर्वी वैशाखात विहीर उपसून ती किती तासांत भरते, हे पाहावे. झरा मंद असल्यास लहान पंप मागावा. तशी मुभा योजनेत आहे. प्लेटांवर झाडाची सावली पडू देऊ नये, व धूळ सकाळी ऊन तापण्यापूर्वी धुवावी.