प्रस्थापना तबकडी चालत नाही तेव्हा : दोषशोधनाची पद्धत

गिरगावालगतचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा संगणकाच्या सुट्या भागांचा व दुरुस्तीचा मुंबईतील प्रसिद्ध बाजार आहे. दादर, परळ, लालबाग या भागांतील शाळा, वाचनालये व सहकारी गृहनिर्माण संस्था यांनाही तो जवळचा आहे. विंडोज १० या संचालन प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे सुस्थितीत असलेल्या अनेक जुन्या यंत्रांचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न संस्थांपुढे उभा राहिला आहे. अशा यंत्रांवर मुक्त परवान्याची संचालन प्रणाली बसविणे हा त्यावरील एक मार्ग होय.

एकाच शाळेत वीस यंत्रे असतील, तर प्रत्येकावर प्रणाली, मराठी टंक, इनस्क्रिप्ट कळफलक आणि अभ्यासाच्या आज्ञावली वेगवेगळ्या बसविणे वेळखाऊ ठरते. म्हणून हे सर्व साहित्य अंतर्भूत असलेली स्वतःची प्रस्थापना तबकडी तयार केली जाते. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, डेबियनच्या पायावर रचलेली व २००७ मध्ये प्रसृत केलेली ‘बॉस’ ही प्रणाली याच विचाराचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण होय. शाळांसाठी तिची ‘एज्युबॉस’ ही आवृत्तीही आहे. मात्र स्वतः तयार केलेली तबकडी पहिल्याच प्रयत्नात चालतेच असे नाही. अशा वेळी दोष कसा शोधावा, याचा विचार येथे केला आहे.

यंत्र जागे होण्याचा क्रम

विद्युत्प्रवाह सुरू होतो त्या क्षणी संगणकाच्या मुख्य स्मृतीत कोणतीही आज्ञावली नसते, आणि आज्ञावली वाचण्यासाठीही आधी एक आज्ञावली लागते. ही अडचण संगणकाइतकीच जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ असे नाव दिलेल्या यंत्राच्या पिढीलाही हा प्रश्न सोडवावा लागला होता. आजच्या यंत्रात हे पहिले काम मदरबोर्डवरील बायोस अथवा यूईएफआय ही कायमची आज्ञावली करते. ती तबकडी शोधते. तबकडीवरील छोटा बूट लोडर मग प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणतो. कर्नल प्रस्थापना कार्यक्रम सुरू करतो. साखळीची कोणती कडी तुटली, हे ओळखणे म्हणजेच निदान.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जी तबकडी वाचता येते ती बूट होईलच असे नाही. सीडीवरील माहिती २,०४८ बाइटच्या विभागांत मांडलेली असते. बूट होणाऱ्या तबकडीवर, शून्यापासून मोजता, सतराव्या विभागात एक विशेष नोंद असते आणि ती बूट लोडरचा पत्ता सांगते. १९९५ च्या ‘एल टोरिटो’ या संकेताने ही व्यवस्था ठरविली. मूळ तबकडीतील फायली संगणकावर उतरवून, त्यांत भर घालून नवी तबकडी केली, परंतु ही नोंद पुन्हा निर्माण केली नाही, तर सर्व फायली जागेवर दिसतात आणि यंत्र मात्र तबकडीकडे दुर्लक्ष करते. स्वतः केलेल्या तबकड्यांत हा दोष नेहमी आढळतो.

प्रथम तीन कसोट्या

काहीही बदलण्यापूर्वी दोष यंत्रात आहे, प्रतिमा-फाईलमध्ये आहे की तबकडीत आहे, हे ठरवावे. त्यासाठी तीन कसोट्या पुरेशा आहेत.

१. त्याच यंत्रात मूळ, बदल न केलेली तबकडी घालून पाहावी. तीही चालत नसेल तर दोष बहुधा यंत्राच्या बाजूचा समजावा. बूटचा अनुक्रम, तबकडीचा ड्राइव्ह आणि सिक्युअर बूटची मांडणी तपासावी. यंत्र ३२ बिटचे आहे काय, हेही पाहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२ बिटच्या जुन्या यंत्रांसाठी प्रस्थापना तबकडी दिली जात नाही.

२. मूळ तबकडी चालत असेल, तर आपली आयएसओ प्रतिमा-फाईल आभासी यंत्रात चालवून पाहावी. तेथेही ती अडत असेल तर प्रतिमेच्या रचनेत चूक आहे. ही चाचणी बायोस व यूईएफआय अशा दोन्ही पद्धतींनी करावी. कारण दोहोंचे बूट लोडर निराळे असतात आणि नवी प्रतिमा करताना त्यांपैकी एक राहून जाणे सहज शक्य असते.

३. प्रतिमा आभासी यंत्रात चालते, पण तबकडी चालत नाही, असे झाल्यास लेखनात दोष आहे. तबकडी उघडल्यावर आत एकच आयएसओ फाईल दिसत असेल, तर प्रतिमा उतरविण्याऐवजी फाईलची नुसती नक्कल झाली आहे. प्रतिमा ७०० मेगाबाइटपेक्षा मोठी असल्यास सीडीऐवजी डीव्हीडी घ्यावी, लेखनाचा वेग कमी ठेवावा आणि लेखनानंतरची पडताळणी टाळू नये. उतरवून घेतलेल्या मूळ प्रतिमेची एसएचए-२५६ बेरीजही ताडून पाहावी. तिच्या ६४ अक्षर-अंकांपैकी एक जरी भिन्न असला तरी ती प्रत त्याज्य समजावी.

लक्षणांवरून निदान

यंत्र तबकडी ओलांडून थेट जुनी प्रणाली सुरू करीत असेल, तर बूटचा अनुक्रम किंवा वर सांगितलेली नोंद चुकली आहे. ‘आयसोलिनक्स’ हे नाव उमटून बेरजेची चूक दर्शविली गेली, तर लोडर सापडला आहे. पण प्रतिमा बांधताना त्यात तबकडीचा तक्ता भरला गेलेला नाही. त्यासाठी बूट-इन्फो-टेबल हा पर्याय द्यावा लागतो.

कर्नल सुरू होऊन ‘प्रस्थापना माध्यम सापडत नाही’ असा संदेश आला, तर तबकडीचे नाव तपासावे. फेडोरासारख्या प्रणालींत बूटच्या आज्ञेत तबकडीचे नाव, म्हणजे लेबल, लिहिलेले असते. नव्या तबकडीला हौसेने शाळेचे नाव दिले आणि आज्ञेत जुनेच राहिले, तर कर्नल जुन्या नावाचा शोध घेत थांबतो. दोन्ही ठिकाणी एकच नाव असले पाहिजे.

प्रस्थापना अर्ध्यावर थांबत असेल, तर नव्याने घातलेल्या पॅकेजांकडे पाहावे. डेबियनच्या तबकडीत पॅकेजांची सूची असते. फाईल ठेवली पण सूची नव्याने केली नाही, तर ग्रंथालयात पुस्तक आहे पण नोंदवहीत नाही, अशी स्थिती होते.

मराठीचा प्रश्न

डेबियनच्या प्रस्थापना कार्यक्रमात मराठी भाषा उपलब्ध आहे. तथापि देवनागरीची जोडाक्षरे साध्या मजकूर-पद्धतीत दाखविता येत नाहीत. म्हणून मराठी हवी असल्यास चित्रमय प्रस्थापना निवडावी. प्रणाली बसल्यानंतर अक्षरांऐवजी चौकोन दिसल्यास युनिकोड टंक तबकडीत आला नाही, असे समजावे.

पुसण्यापूर्वी

सर्वांत मोठा धोका तबकडी न चालण्यात नसून, ती चालण्यात आहे. वीस यंत्रांचे काम जलद व्हावे म्हणून प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवलेली तबकडी हार्ड डिस्क न विचारता संपूर्ण पुसू शकते. शाळेचे निकालपत्रक किंवा चाळीच्या गृहनिर्माण संस्थेचे जुने हिशेब त्या एकाच यंत्रात असतील, तर ते परत मिळतीलच असे नाही. म्हणून प्रथम माहितीची दुसरी प्रत काढावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. स्वयंचलित तबकडीवर तसे ठळक लिहावे आणि पहिला प्रयोग रिकाम्या हार्ड डिस्कवर करावा. व्यापारी प्रणालीच्या प्रती परवान्यावाचून वाटणे बेकायदेशीर आहे, याचेही भान ठेवावे.

एका वेळी एकच बदल करावा, त्याची नोंद वहीत ठेवावी आणि पुन्हा चाचणी घ्यावी. एकाच वेळी चार दुरुस्त्या केल्या तर तबकडी चालू लागली तरी दोष कोणता होता ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी शोध पहिल्यापासून करावा लागतो. अशी नोंदवही शाळेत किंवा पंचायतीच्या कार्यालयात राहिली, तर शिक्षक वा कर्मचारी बदलून गेले तरी तबकडी करण्याचे ज्ञान संस्थेकडे टिकून राहते.