कोठाराच्या किल्ल्या

चिकलठाणा,
छत्रपती संभाजीनगर

चि. छकुलीस,


दक्षिण सुदानमध्ये औषधांचं कोठार सांभाळायला जायचं तू नक्की केलंस, असं ताईनं फोनवर सांगितलं. ती घाबरली आहे आणि तिचं घाबरणं वाजवी आहे. 2011 साली तो देश स्वतंत्र झाला, डिसेंबर 2013 मध्ये आपसांतच पेटला. 2018 मध्ये समझोता झाला, तरी बंदुका काही पुरत्या खाली ठेवल्या गेलेल्या नाहीत. एवढं असूनही तू जावंस असंच माझं मत आहे. इथल्या एमआयडीसीत औषधांच्या स्टोअरमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून त्या एका कामापुरतं सांगतो.

मदतकार्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे डॉक्टर येतो, कोठार येत नाही. बोस्नियाचं काय झालं ते बघ. युद्धात आणि ते संपल्यावरही, 1992 ते 1996 या वर्षांत तिथे जगभरातून औषधं आली. त्यातली सुमारे 17 हजार टन निरुपयोगी होती, असा अंदाज नंतर तज्ज्ञांनी मांडला. मुदत संपलेली, अर्धी वापरलेली, तिथे कुणाला न लागणारी. ज्यांचे दवाखाने आधीच उद्ध्वस्त झाले होते, त्यांच्याच गळ्यात ती नष्ट करायचं काम पडलं. 1996 साली जागतिक आरोग्य संघटनेनं औषधदानाचे नियम घालून दिले. गरज असलेलंच औषध पाठवावं, पोचल्यावर निदान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, लेबल तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना कळेल अशा भाषेत असावं. हे पाठ कर. एखादा मोठ्या मनाचा दाता भलताच माल घेऊन दारात उभा राहिला, तर हात जोडून नाही म्हण. त्याला वाईट वाटेल, वाटू दे.

आपणही एकदा घेणाऱ्याच्या जागी होतो, हे विसरू नकोस. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची मिलो आली, लाल ज्वारी. तिनं माणसं जगवली, ते ऋण मी मानतो. पण तुझ्या आजीच्या तोंडून मिलोचं कौतुक मी कधी ऐकलं नाही. दुष्काळी कामावर खडी फोडून आणलेल्या मजुरीबद्दल मात्र ती शेवटपर्यंत मान ताठ करून बोलायची. तू जाशील तिथल्या छावणीत रांगेत उभी असलेली बाई कालपर्यंत स्वतःच्या गुरांची, शेताची मालकीण होती. तिच्याशी तशीच बोल. फोटो काढायला पाहुणे येतील, त्यांना आधी तिची परवानगी घ्यायला लाव.

आता कामाचं. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन 2 ते 8 अंशांत राहायला हवं, हे तुला कॉलेजात शिकवलं असेल. तिथे उन्हाळ्यात पारा चाळिशीवर जातो आणि वीज जनरेटरची. तापलेली ऍम्प्यूल दिसायला जशीच्या तशी असते, ताकद मात्र गेलेली असते. बाळंतिणीला रक्तस्राव होतो, सुईण इंजेक्शन टोचते, रक्त थांबत नाही, आणि चूक कोठारात झाली हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिही. दुसऱ्यानं सांगितलेला आकडा लिहू नकोस. ज्याची एक्स्पायरी आधी, तो माल आधी बाहेर. बिन कार्डावरचा साठ्याचा आकडा आणि फळीवरचा माल जुळला नाही तर त्याच दिवशी शोध. पावसाळ्यात तिथले कच्चे रस्ते महिनोन्‌महिने बंद असतात, तेव्हा पुढच्या महिन्यांची मागणी रस्ते कोरडे असतानाच घाल.

महागड्या औषधांच्या मोहात पडू नकोस. 1971 साली बांगलादेशातून लाखो निर्वासित भारतात आले, तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्यानं माणसं मरत होती आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते रुग्णाच्या नातेवाइकांच्याच हाती पाजायला दिलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. आईला स्वतःच्या हातानं देता येईल असं औषध कोठारात कधी संपू देऊ नकोस.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे औषध घेणाऱ्यांची यादी. भांडून उठलेल्या देशात कुणाचं नाव आधी आणि कुणाचं गळलं, यावरून पुन्हा रक्त सांडतं. जमात डिंका की नुएर, कुणाचा मुलगा कुठल्या फौजेत, हे तुझ्या रजिस्टरात येता कामा नये. आजार, वय, गरज, बस्स. वाटप उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असं कर. छावणीतला एखादा वजनदार माणूस खिडकीपाशी खुर्ची टाकून बसू पाहील, त्याला बसू देऊ नकोस. नम्रपणे, पण पहिल्याच दिवशी सांग. दुसऱ्या दिवशी उशीर झालेला असतो.

आणि तिथली भाषा शीक. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून चीनला गेले. त्यांच्याबरोबर नागपूरचे डॉ. चोळकर होते. बाकीचे पुढे परतले, कोटणीस राहिले. त्यांच्या शस्त्रक्रियांबद्दल सगळे बोलतात. मला मात्र ते चिनी शिकले आणि तिथल्या पोरांना त्यांच्या भाषेत वैद्यक शिकवू लागले, हे जास्त मोठं वाटतं. 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले, पण शिकवलेले विद्यार्थी तिथेच होते. तूही पहिल्या महिन्यातच तिथली एखादी हुशार मुलगी हेर, तिला सगळं रजिस्टर शिकव आणि तू असतानाच किल्ल्या तिच्या हाती दे. तू परत आल्यावर ते कोठार बंद पडलं, तर काम झालंच नाही असं मी धरीन.

जायच्या आधी एक दोन सकाळी आपल्या मिनी घाटीत, इथल्या सरकारी रुग्णालयात, औषधांच्या खिडकीजवळ उभी राहा. गोळी दिवसातून कितीदा घ्यायची, हे खेड्यातून आलेली बाई कशी ऐकते, काय लक्षात ठेवते, काय विचारायला लाजते, ते बघ. दक्षिण सुदानमधल्या मलाकालची बाईही तशीच ऐकेल.

पिवळ्या तापाची लस विमानाच्या निदान दहा दिवस आधी घे. तिचं कार्ड पासपोर्टबरोबर ठेव, परत येतानाही ते विचारतात. आणि ताईला दर रविवारी फोन कर.

तुझा,
मामा