ठराव मंत्रालयात जातो तेव्हा

माझी सारी नोकरी महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात झाली. कार्यपत्रिका काढणं, सभेत बसून इतिवृत्त लिहिणं, मंजूर झालेले ठराव पुढं पाठवणं हे आमचं काम. त्यातले कितीतरी ठराव राज्य सरकारकडे जायचे. अमुक कायद्याला शहराचा विरोध आहे, तमुक अधिकार शहराला द्या, या नियमात दुरुस्ती करा. थोडे मार्गी लागले, पुष्कळसे फाइलीतच राहिले. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर राज्यभर नवी सभागृहं आली आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांना निवडून देणाऱ्यांसाठी हे अनुभवाचे बोल.

१. राज्य सरकार काय करू शकतं, ते आधी वाचा.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं आम्हाला अधिकार दिले, अशी भाषणं मी खूप ऐकली. दुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली आणि बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय आले, हे खरंच आहे. पण त्यातलं काय आणि किती शहरांच्या हाती सोपवायचं, हे त्याच दुरुस्तीनं विधिमंडळावर ठेवलं. इकडे १९४९ च्या महापालिका अधिनियमातलं कलम ४५१ जसंच्या तसं जागेवर आहे. सभागृहाचा ठराव कायद्याशी विसंगत किंवा महापालिकेच्या आर्थिक हिताला बाधक वाटला, तर राज्य सरकार तो आधी निलंबित आणि पुढे विखंडित करू शकतं. मधे महापालिकेला अभिवेदनाची संधी मिळते. ती संधी किती हलगर्जीपणे घालवली जाते, हे मी जवळून पाहिलं आहे. दोन ओळींचं पत्र जातं, त्यात ठराव कायम ठेवण्याची ‘नम्र विनंती’ असते आणि कारण एकही नसतं.

२. आकडा नसेल तर मताला वजन नाही.

एकदा एका ठरावाच्या पाठपुराव्यासाठी मला मंत्रालयात पाठवलं होतं. तिथल्या कक्ष अधिकाऱ्यांनी फाइल उघडली आणि थेट शेवटच्या पानावर गेले. परत पहिल्या पानावर आले, पुन्हा शेवटी गेले. मग म्हणाले, “मॅडम, यानं तुमच्या शहरावर वर्षाला किती रुपयांचा बोजा पडतो, ते कुठं लिहिलंय?” कुठंच लिहिलं नव्हतं. सूचक, अनुमोदक, तीन उपसूचना, शहरावरच्या अन्यायाचा उल्लेख, सगळं होतं. त्यांनी वाईट शब्दात काही सांगितलं नाही. ‘त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे’ असा शेरा मारला आणि तो अगदी रास्त होता. तेव्हापासून राज्याकडे जाणाऱ्या प्रत्येक विषयासोबत लेखा विभागाचं टिपण जोडायचं, असा आग्रह मी धरत आले. लेखा विभागाला तो आवडायचा नाही, पण टिपण जोडलेल्या फाइलींवर निदान प्रश्न तरी विचारले जायचे.

३. जे टिकायला हवं, ते कायद्यात लिहून घ्या.

पुण्यातल्या मिळकतकराची गोष्ट प्रत्येक नगरसेवकानं पाठ करावी अशी आहे. स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकाला करपात्र रकमेत ४० टक्के सवलत १९७० पासून मिळत होती, आणि तिला आधार होता महापालिकेच्या ठरावाचा. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाले. २०१९ मध्ये राज्यानं तो ठरावच रद्द केला. ज्या सवलतीवर दोन पिढ्यांनी घरखर्चाचा हिशेब बसवला, ती गेली आणि फरकाच्या बिलांची धास्ती घरोघरी पोचली. शहरभर ओरड झाली, सगळ्या पक्षांनी विषय उचलला आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं सवलत पुन्हा कायम केली. मग पीटी-३ अर्ज भरायला क्षेत्रीय कार्यालयांत माणसं रांगा लावून उभी राहिली, त्यात वयस्कर मंडळी बरीच. हातात वीजबिल, रेशनकार्ड, कराची जुनी पावती. आपल्याच घरात आपणच राहतो याचा पुरावा ते देत होते. इतक्या वर्षांत कधीतरी शहरानं अधिनियमात दुरुस्ती मागितली असती, तर यातलं काहीच घडलं नसतं.

उलट उदाहरण जकातीचं आहे. नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा आणि तिथले व्यवहार पाहिलेला कुणीही जकात परत मागणार नाही, मीही नाही. पण शहराचं स्वतःचं, रोजच्या रोज तिजोरीत पडणारं ते उत्पन्न होतं. २०१३ मध्ये पुण्यात तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, दोनच वर्षांनी बहुतेक व्यापाऱ्यांना त्यातूनही सूट मिळाली. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, तेव्हा मुंबईची जकात अजून चालू होती आणि मुंबईच्या बाजूनं हमीचा आग्रह जोरात धरला गेला. म्हणून विधिमंडळाच्या खास अधिवेशनात भरपाईचा स्वतंत्र कायदा झाला. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष आणि त्यावर दर वर्षी ८ टक्के वाढ, असं त्यात लिहिलं गेलं. आज महापालिकांचे पगार वेळेवर होतात, त्यामागे हे कलम आहे. अनुदान पत्रावर अवलंबून राहिलं असतं तर काय झालं असतं, ते मी सांगायला नको.

४. मुदत पाळा.

पुण्याच्या जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर सभागृहात वाद रंगले, आरक्षणं उठवली गेली, हरकतींचे ढीग पडले आणि मार्च २०१५ मध्ये राज्यानं आराखडा काढून घेऊन समितीकडे दिला. जानेवारी २०१७ मध्ये तो मंजूर झाला तो मंत्रालयातून. घड्याळाकडे न पाहता भांडणाऱ्या सभागृहाच्या हातून अधिकार असे आपोआप निसटतात. नगररचना अधिनियमाच्या कलम ३७(१कक) खाली तर राज्य स्वतःच आराखड्यात फेरबदलाची सूचना काढू शकतं. तिथं शहराला आपल्याच आराखड्यावर नागरिकांच्या बरोबरीनं महिनाभरात म्हणणं मांडावं लागतं. पुढच्या सर्वसाधारण सभेची वाट पाहिली की महिना संपतो. तेव्हा अशा सूचनांसाठी खास सभा बोलवावी.

५. प्रभागरचनेवर एकदा तरी ठाम बोला.

पुण्यात २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. राज्यानं हे ठरवताना कुठल्याही वेळी शहराला विचारलेलं नाही. ज्यांना ज्यांना विरोधी बाकांवरून हे चुकीचं वाटलं, त्यांना सत्तेत आल्यावर सोयीचं वाटलं.

६. राज्याचा हस्तक्षेप दर वेळी वाईटच असतो, असं समजू नका.

स्थानिक अधिकाराच्या नावाखाली स्थानिक दांडगाई चालते, हे आम्ही कर्मचारी रोज पाहतो. समाविष्ट २३ गावांच्या टेकड्यांवरचं ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यान घ्या. थोडं बांधकाम होऊ द्यावं की अजिबात नको, यावर सभागृहातच मतं फुटली होती. नागरिकांनी वर्षानुवर्षं रेटा लावला आणि २०१५ मध्ये राज्यानं आरक्षण कायम केलं. मोबदल्याचा प्रश्न तेवढा कुजत राहिला. म्हणून प्रत्येक विषयात मी आधी विचारते, हा अधिकार शहराकडे आला तर वापरणार कोण आणि त्याच्यावर नजर कुणाची? याचं उत्तर ठरावातच असलं तर तो ठराव सरकारला सहज नाकारता येत नाही.

७. विरोधाची नोंद करून घ्या.

व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये उधळण्याला पुणे नगरपालिकेत जोतिराव फुल्यांनी एकट्यानं विरोध केला. ते सरकारनियुक्त सदस्य होते, तरी केला. ठराव मंजूर झाला, पण विरोध नोंदला गेला आणि म्हणून आज आपण तो सांगू शकतो. माझ्या काळात कितीतरी सदस्य सभागृहाबाहेर कॅमेऱ्यापुढं कडाडून विरोध करायचे आणि आत मान हलवायचे. इतिवृत्तात तो विषय एकमतानं मंजूर. काही वर्षांनंतर न्यायालयानं शहराचं म्हणणं काय होतं असं विचारलं, की आम्ही तेच पान काढून देणार.

मार्च २०२२ पासून पुढं जवळजवळ चार वर्षं पुण्यात सभागृहच नव्हतं. आयुक्त तेच आणि प्रशासकही तेच. आयुक्त म्हणून ठेवलेला प्रस्ताव सभेच्या वतीनं तेच मंजूर करत. या काळात राज्याच्या अधिसूचनांवर, नियमांच्या मसुद्यांवर, हद्दीच्या बदलांवर शहराचे अभिप्राय गेले, ते एका टेबलावरून गेले. नव्या सभागृहानं नगरसचिवांकडून त्या सगळ्या पत्रांची यादी मागवावी, एकेक विषय कार्यपत्रिकेवर घ्यावा आणि जिथं शहराचं मत वेगळं आहे तिथं कलम, आकडा आणि तारीख घालून नवा ठराव पाठवावा. यादी तयार व्हायला वेळ लागणार नाही. जावक नोंदवहीत सगळं आहे.