तव्यावरचा थर आणि कारखान्याचे पाणी

गंगापूर रोडवरच्या घराघरांत आज नॉनस्टिक तवा दिसतो. त्याचा गुळगुळीत थर ‘पीफास’ या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या गटातला आहे. तेलकट खाऊचे कागद, डाग न धरणारे कापड, आग विझवण्याचा फेस यांतही ही रसायने वापरतात. कार्बन-फ्लोरिनचा बंध फार पक्का, म्हणून ती निसर्गात सहसा मोडत नाहीत. पाण्यात आणि रक्तात साठतात.

तव्याचा थर खरवडून पोटात गेला तरी तो पचत नाही. मोठा धोका आहे तो असे थर तयार करताना वापरलेल्या रसायनांचा. त्यांपैकी ‘पीएफओए’ हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२३ मध्ये कर्करोगकारक ठरवले.

ते बनवणाऱ्या इटलीतील मितेनी कारखान्याने परिसरातले पिण्याचे पाणी नासवले. २०१८ मध्ये तो बंद पडला. २०२५ मध्ये न्यायालयाने अकरा माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. त्याची यंत्रसामग्री मात्र रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत आली आहे.

घरी काय करावे?

१. बिडाचा किंवा लोखंडी तवा वापरा. तेल लावून तापवत राहिले की तो चिकटत नाही.
२. नॉनस्टिक भांडे रिकामे तापवू नका. त्याची वाफ घातक असते.
३. पाणी उकळून ही रसायने जात नाहीत. आरओने बरीच कमी होतात.

तवा बदलणे आपल्या हातात आहे. पण कारखान्याचे सांडपाणी तपासून निकाल जाहीर करायला लावणे एकट्याचे काम नाही. त्यासाठी वस्तीने एकत्र यावे लागते.