पुण्यात सायकली का वाढल्या?

पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. तिथे एवढ्या सायकली का वाढल्या आणि पुढे कमी का झाल्या, याचा मी अभ्यास केला.

आधी थोडे गणित पाहू. मी घरच्या जुन्या सायकलचे दाते मोजले. पायडलजवळच्या मोठ्या चक्राला ४४, मागच्या लहान चक्राला १८. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच फेरे फिरते. चाकाचा घेर दोन मीटरांहून थोडा जास्त. म्हणून एका फेऱ्यात सायकल पाच मीटरांच्या वर पुढे जाते. मात्र चढावर हेच पायडल जड लागते. कड्यावरच्या गणपतीला जाताना आपण सायकल ढकलत नेतो, ती यामुळेच!

पुण्याच्या पेठा बऱ्याचशा सपाट. शाळा, कॉलेज, मंडई, कचेरी जवळजवळ. चालत तास लागेल तिथे सायकलने वीस मिनिटांत पोचता येई. पेट्रोल नको, तिकीट नको. १९५० च्या सुमारास देशातच सायकलींचे कारखाने वाढले. खडकी, पिंपरीच्या कारखान्यांतले कामगार सायकलवरून पाळीला जाऊ लागले. ज्याच्याकडे सायकल नसे, तो दुकानातून तासाच्या भाड्याने घेई.

पुढे स्कूटर, मोटारसायकली आणि मोटारी वाढल्या. रस्त्यावरचा वेग वाढला. सायकलवाल्याला कडेलासुद्धा जागा उरेना. आईवडील मुलांना सायकल द्यायला भिऊ लागले. मग मुलांसाठीही गाडीच आली, आणि गर्दी आणखी वाढली. २०१७ साली पुणे महानगरपालिकेने सायकलींसाठी आराखडा मंजूर केला. त्याच वर्षी शहरात भाड्याच्या नव्या सायकली आल्या, पण ती योजना फार टिकली नाही.

पुण्याची जमीन अजून तितकीच सपाट आहे. सायकल आजही गाडीपेक्षा स्वस्त आहे. गेली ती रस्त्यावरची निर्धास्ती. ती गेली की सायकल घराच्या भिंतीला टेकून राहते, हे मला या अभ्यासातून कळले.

आपल्या आंजर्ल्याचे रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे. सुट्टीत पाहुण्यांच्या गाड्याही पुष्कळ येतात. समोरून गाडी जोरात आली, तर सायकलवाल्याने जायचं कुठं? म्हणून पालकांना माझी विनंती आहे, शाळा भरताना आणि सुटताना गाडी हळू चालवा, पाहुण्यांनाही सांगा. आणि मित्रांनो, आपणही गप्पा मारत शेजारी शेजारी न जाता एकामागून एक जाऊ या.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी