नाव घ्या ताई, पण स्वतःचंही!

(गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा आणि मग सर्वांनी चर्चा करावी असा पाठ)

मैत्रिणींनो, हळदीकुंकू असो की डोहाळजेवण, "नाव घ्या" म्हटलं की आपण उखाणा घेतो. त्यात नाव कुणाचं? मालकांचं. ते घ्यावंच, त्यात गोडी आहे. पण तिथे बसलेल्या किती जणींना आपलं स्वतःचं नाव ठाऊक असतं? आपण असतो सरपंचांच्या मंडळी, मास्तरांची बायको, पाटलांची सून, नाहीतर पिंट्याची आई. घरचं माणूस गावात जितकं मोठं, तितकं आपलं नाव मागं पडतं.

त्यात काय बिघडलं, असं वाटेल. एका गटात काय बिघडलं ते ऐका.

त्या गटात दोघी जावा सभासद. थोरलीचे मालक सरपंच. वहीत दोघींची नोंद आडनावापुरतीच, पुढे फक्त 'सौ.'. धाकटी ऊसतोडीला गेली होती. कर्जाचा ११०० रुपयांचा हप्ता ती दर महिन्याला पाठवायची. आणून देणारा फक्त आडनाव सांगायचा. त्या आडनावाची बाई म्हणजे सरपंचीणबाई, असं लिहिणाऱ्या ताईंनी धरलं. तीन हप्ते थोरलीच्या खात्यावर चढले. धाकटी परत आली आणि नवीन कर्ज मागितलं, तेव्हा उत्तर मिळालं, "आधी थकबाकी भरा." बाई रडकुंडीला आली.

चूक उघडी केली ती थोरलीनेच. आपली बाकी इतकी कमी कशी, हे तिने विचारलं आणि भर बैठकीत म्हणाली, "हे पैसे माझे नाहीत, जावेचे आहेत." पुढे आणखी एक बोलली, "गटात आल्यापासून मला कुणी माझ्या नावाने हाक मारली नाही. मी काही सुचवलं की म्हणता, सरपंचांना विचारून सांगा. मग सभासद मी आहे का ते?"

बघा, एकाच नावाचा त्रास दोघींना झाला. धाकटीचे पैसे त्या नावाखाली गेले आणि थोरलीचं मत गेलं.

मोठ्या माणसाच्या घरात असणं हा काही दोष नाही. रमाबाई रानडे यांचं उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १८६२ सालचा, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. माहेरचं नाव यमुना. १८७३ साली, अकराव्या वर्षी लग्न झालं आणि नाव बदललं. पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, मोठे सुधारक. त्यांनीच बायकोला लिहायला-वाचायला शिकवलं. घरातल्या बायकांची बोलणी खात रमाबाई शिकल्या.

१९०१ साली रानडे वारले. रमाबाई मात्र 'रानड्यांच्या मागे राहिलेल्या' एवढ्यावर थांबल्या नाहीत. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं. तिथे बायका शिकल्या, परिचारिका झाल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. १९१० साली त्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक निघालं. ते पतीच्या आठवणींनी भरलेलं आहे. म्हणजे पतीचं नाव त्यांनी टाकलं नाही, पण त्याच्या सावलीत नुसत्या बसूनही राहिल्या नाहीत. मोठ्या नावाने दार उघडतं, आतलं काम आपल्यालाच करावं लागतं.

आज कायदाही आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. निवडून आलेली बाई सरपंच असते, तिचा नवरा नव्हे. १ मे २०२४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं नाव लिहायचं, असा राज्य सरकारचा निर्णय आहे. पिंट्याच्या धाकट्या बहिणीच्या दाखल्यावर आईचं नाव आलं. मग आपल्या वहीत का येऊ नये?

गटाने काय करावं?

१. हजेरी, बचत आणि कर्जाच्या वहीत प्रत्येकीचं पूर्ण नाव लिहा. आडनावं सारखी असतील तर सभासद क्रमांकही लिहा.

२. हप्ता घेताना तिचं नाव मोठ्याने वाचा. पैसे दुसऱ्याच्या हाती आले तर नाव विचारूनच घ्या आणि पासबुकात त्याच वेळी नोंद करा.

३. कर्ज देताना तिची हजेरी, बचत आणि परतफेड बघा. नवरा पुढारी म्हणून जास्त नको, दीर कर्जबुडवा म्हणून कमी नको.

४. अध्यक्ष, सचिव ताईंनी घरी सल्ला जरूर घ्यावा. पण बैठकीत मत स्वतःचं द्यावं, आणि वाचून, समजून घेतल्याशिवाय सही करू नये.

चर्चेसाठी प्रश्न

आपल्या गटात कुणाची ओळख फक्त नवऱ्यावरून, सासऱ्यावरून किंवा मुलावरून आहे? त्यामुळे तिला काही जास्त मिळालं का, की काही हुकलं?

पुढच्या बैठकीत

सुरुवात उखाण्याने करा. प्रत्येकीने नाव घ्यायचं आणि या वेळी उखाण्यात स्वतःचं नाव गुंफायचं. आधी लाज वाटेल, हसूही येईल. हसून झालं की वही उघडा आणि तेच नाव तिच्यासमोर पूर्ण लिहा.