दोन एक्के हातात, तरी फोल्ड?

व्हिडिओत पोकरचा हिशोब घाईत झाला, म्हणून इथे मांडतो. (पैशांच्या ऑनलाइन पोकरवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे, आपण चिप्स धरू.)

तुमच्याकडे दोन एक्के. टेबलावर नव्वी, अठ्ठी, सत्ती, छक्की. पॉट १,०००, समोरच्याने आणखी १,००० लावले. म्हणजे १,००० भरून २,००० मिळवायचे. तीनपैकी एकदा तरी जिंकणार असाल तरच भरा. त्याच्याकडे एक दश्शी किंवा पंजी असली की झाला स्ट्रेट. मग शेवटी तिसरा एक्का आला तरी तुम्ही मागेच! ऑनलाइन चेहरा दिसत नाही, तेव्हा तो एरवी एवढं कधी लावतो ते बघा. आधी भरलेल्या चिप्स हिशोबात धरू नका, त्या पॉटच्या झाल्या.

मी दुकानात नेमकं तेच धरलं. शेजारी निम्म्या भावात आकाशकंदील आले, तरी ‘आपला माल भारी’ म्हणून दुसरी ऑर्डर दिली. अजून माळ्यावर आहेत.